यवतेश्वर, अकरा किलोमीटर

प्रिय महेजबीन,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुला कळलं असेल हे कुणाचं आहे ते. शाळेत बाई माझ्या अक्षराला कोंबडीचे पाय म्हणायच्या आणि तू माझे निबंध तुझ्या अक्षरात उतरवून द्यायचीस. ते पाय अजून तसेच आहेत, तेव्हा जरा सांभाळून वाच. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण शेवटपर्यंत वाचून मग फाड. पंधरा महिने तू माझा फोन उचललेला नाहीस, मेसेज उघडलेला नाहीस. मग म्हटलं, कागद तरी हातात घेईल. आयेशा शनिवारी तुझ्याकडे निघालीय, तिच्या पिशवीत अम्मींनी दिलेल्या चटणीच्या डब्याखाली मी हे पाकीट सरकवतेय. धाकटी बहीण आहे तुझी, तिला रागावू नको. ती नको नको म्हणत होती, मीच कंडक्टरचा आवाज लावला.

आधी इकडचं सांगते, कारण एकदम मुद्द्यावर यायला मला धीर होत नाहीये. मी अजून त्याच डेपोत, त्याच रूटवर. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत पाय ठेवायला जागा नसते. भाजीच्या पाट्या, माहेरवाशिणी, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांच्यातून तिकीट मशीन डोक्यावर धरून मागच्या सीटपर्यंत जायचं आणि परत यायचं. आठ तास. पोटऱ्यांचा व्यायाम वेगळा करावाच लागत नाही. ड्रायव्हर आमचे आकाराममामाच आहेत अजून, पुढच्या वर्षी रिटायर होतील. मी पळते ते त्यांना आजही पटत नाही. तुमी कशाला पळता, गाडी हाय की आपली, असं दर सोमवारी न चुकता म्हणतात.

घरी आत्याबाईंचंही तेच. सून पहाटे पावणेचारला उठून पायजमा घालून घराबाहेर पडते, हे गल्लीला सांगताना त्यांना पहिली दोन वर्षं लय जड गेलं. कोण मागं लागलंय का तुझ्या, असं विचारायच्या. आता बदल झालाय. गेल्या महिन्यात समोरच्या काकू काहीतरी वाकडं बोलल्या, तर आत्याबाईंनी त्यांना ऐकवलं की आमची राहू दे, तुमची दारातल्या नळापर्यंत तरी चालती का बघा. मी आत भाकरी थापत होते, हसून हसून तव्यावरची भाकरी करपली. उदय कारखान्यात रात्रपाळीला असला की सकाळी तिकडूनच मोटारसायकल वळवून माझ्या मागून येतो, कारण गळीत सुरू झालंय आणि उसाच्या ट्रॉल्यांना मागचा लाल दिवा नसतो. येतो आणि गाडीवर जांभया देतो. आमच्या राजनंदिनीला आठवं लागलं. आईचा पगार किती ते तिला माहीत नाही, पण आई एका किलोमीटरला किती मिनिटं घेते ते पाठ आहे.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी पन्नास किलोमीटरची शर्यत आहे, तुमच्या साताऱ्यातच. तुला तारीख सांगायची गरज नाही म्हणा. हे वेड तूच तर लावलंस.

तुला ती भरतीची पहाट आठवते का गं? हायस्कूलचं मैदान, आपण दोघी आणि तीस पोरं. तू अम्मींना सांगायचीस इंग्रजीच्या क्लासला जाते म्हणून, आणि वहीत बूट लपत नाहीत म्हणून अनवाणी पळायचीस. मी पोलिसात उंचीला अर्ध्या सेंटीमीटरनं बाद झाले. तू मैदानात पहिली आलीस आणि लेखीत गेलीस. त्या दिवशी आपण दोघींनी बसस्टँडवर बसून दोन-दोन प्लेट भजी खाल्ली आणि पोलीस खात्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मग मी एसटीत लागले, तू लग्न होऊन साताऱ्याला गेलीस, लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायला लागलीस. पळणं दोघींचंही सुटलं. पुढं माझ्या बाळंतपणानंतर मी घरात नुसती रडायचे तेव्हा तूच कराडला गाडी बदलून आलीस, माझ्या पुढ्यात बुटांचं खोकं ठेवलंस आणि म्हणालीस की ऊठ. काय झालं, का रडतेस, काहीच विचारलं नाहीस. तुझ्यामागून मी पलूसच्या रस्त्यानं दीड किलोमीटर पळाले आणि उलटी केली. तिथून सुरू झालं.

त्यानंतरची चार वर्षं मी दर दुसऱ्या रविवारी पहिल्या गाडीनं साताऱ्याला यायचे. तू बोगद्यापाशी उभी असायचीस, ओढणी कमरेला बांधून. यवतेश्वरचा घाट चढताना तू बोलायचीस आणि मी ऐकायचे, कारण माझ्या तोंडातून शब्द फुटत नसायचा. आईबापांना सांगितलं नसेल ते तू मला त्या घाटात सांगितलंस. इतकी वर्षं मूल नाही म्हणून कोण काय बोलतं, दानिशभाई काय बोलत नाहीत, कुठल्या दर्ग्यावर गेलीस, कुठल्या डॉक्टरकडं. आणि वर पोचल्यावर चहा पिताना आपलं ठरलेलं, की पन्नास किलोमीटर दोघींनी एकदम संपवायचं. एकीनं पुढं जायचं नाही.

मग मला पळण्याचा माज चढला. दुसरा शब्द मला सापडत नाही, आणि शोधायचाही नाही. वेळापत्रक भिंतीवर लागलं. मंगळवारी वेगाचं पळणं, गुरुवारी सागरेश्वरचा चढ, रविवारी लांबचं. मावसबहिणीच्या सुपारीला गेले नाही, कारण रविवार. डेपोतल्या प्रांजलच्या डोहाळजेवणाला गेले नाही, कारण आदल्या रात्री गोड खाल्लं की सकाळी पोट बिघडतं. शिराळ्याच्या नागपंचमीला माहेरच्या सगळ्या जमल्या, मी फोटोत नाही. ड्युटी मात्र एकही चुकवली नाही, घरचा स्वयंपाक चुकवला नाही, पोरीचा अभ्यास चुकवला नाही, आणि याचा मला केवढा अभिमान होता म्हणून सांगू. लोक विचारायचे कसं जमवतेस गं सगळं, आणि मी सांगायचे, वेळेचं नियोजन. नियोजन कसलं डोंबलाचं. जी माणसं रागावणार नाहीत त्यांचा वेळ मी कापत होते. त्यात सगळ्यात जास्त कापला तो तुझा.

हे मला कधी कळलं ते ऐकून तू हसशील. हसलीस तर बरंच आहे. या सप्टेंबरात तुमच्या घाटात एकवीस किलोमीटरची शर्यत झाली, तिथं मला पेसर केलं. पाठीवर वेळेचा झेंडा बांधून एका लयीत पळायचं, आणि तेवढ्या वेळात पोचायचं ज्यांना असेल त्यांनी तुझ्या मागून यायचं. पळणारे त्याला बस म्हणतात, तुला ठाऊकच आहे. माझी पावणेतीन तासांची बस. मी आकाराममामांना सांगितलं की आता मला स्वतःची बस मिळाली, तर ते म्हणाले डिझेल कोण भरणार. तर झालं काय, सातव्या किलोमीटरला एका जाडजूड साहेबांनी कडेला उभ्या असलेल्या बायकोला हात केला आणि मी थांबले. ठप्प. मागचे वीसजण माझ्यावर आदळले. अगं, बारा वर्षांची सवय. कुणी हात दाखवला की माझे पाय जागच्या जागी थांबतात. पुढं चढावर एक बाई कडेला बसली, तिच्या पोटरीत चमक भरली होती, तर मी तिच्यासाठी थांबले. मग आणखी एकीसाठी. माझी बस नऊ मिनिटं उशिरा पोचली, आयोजकांनी झेंडा काढून घेतला आणि पुन्हा आम्हाला तोंड दाखवू नका असं फक्त बोलायचंच ठेवलं. सगळे हसत होते, मीही हसले. परतीच्या गाडीत खिडकीशी बसले आणि कराड येईपर्यंत रडले. परक्या बाईनं रस्त्यावर हात केला तर मी थांबते. तू केलास तेव्हा मी काय केलं?

महे, आता ते लिहिते.

गेल्या वर्षी जूनमध्ये तू मला ड्युटीवर असताना फोन केलास. कधी करत नाहीस. गाडी तासगाव स्टँडवर लागलेली. तू म्हणालीस की दोन महिने झालेत, अजून अम्मीलासुद्धा सांगितलेलं नाही, पहिलं तुलाच सांगते. नऊ वर्षांनी. आणि डॉक्टरांनी पळणं बंद सांगितलंय, असंही म्हणालीस. त्यावर मी काय बोलले ते तुला आठवत असणारच, मला तर झोपेतून जागं करतं ते.

"अगं, मग आपल्या पन्नासचं काय?"

माझा पहिला शब्द हा. नंतर मी लाख अभिनंदन केलं, पण पहिला शब्द हा. तू म्हणालीस, तू पळ, मी तुला पाणी द्यायला उभी राहीन. तू असं म्हणालीस म्हणून मी ते मिटलं असं धरलं आणि डबल बेल मारली.

ऑगस्टमधल्या त्या रविवारी मी सागरेश्वरला होते. बत्तीस किलोमीटर. मध्ये कुणी त्रास देऊ नये म्हणून फोन बंद ठेवायचे. अकरा वाजता उघडला तर दानिशभाईंचे सात फोन. मी लावला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं, बाळ राहिलं नव्हतं. मी म्हणाले, येते. सोमवारी ड्युटी होती. मंगळवारी वेगाचं पळणं होतं. मग पुढचा रविवार म्हणजे छत्तीस किलोमीटर, वर्षातलं सगळ्यात मोठं, ते चुकलं तर सगळं गेलं असं मला तेव्हा वाटायचं. मी तुला मेसेज टाकत राहिले, काळजी घे, जेवत जा. एकोणीस दिवसांनी आले.

तू मला चहा केलास. आपण तुझ्या नणंदेबद्दल बोललो, लॅबमधल्या नव्या मशीनबद्दल बोललो, माझ्या अडकलेल्या बढतीबद्दल बोललो. ज्यासाठी आले होते त्याबद्दल मला तोंड उघडता येईना आणि तू उघडेनास. माझी पिशवी दारापाशी होती, तिची चेन अर्धवट उघडी. तू तिकडं एकदा बघितलंस, पुन्हा माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "क्रांती, ऊठ. तुझी गाडी चुकेल."

पिशवीत बूट होते महे. तू बघितलेस. साताऱ्याला आलेच आहे तर घाट मारून जाऊ, असा हिशेब करून मी घरनं निघाले होते. आणि तुझ्या दारातून बाहेर पडल्यावर मी गेलेही. आपला घाट मी एकटीनं पळाले, चांगल्या वेळात पळाले, आणि खाली उतरून कराडची गाडी धरली. मनगटावरचं घड्याळ सगळं आपोआप पळण्याच्या ॲपवर टाकतं हे मला त्या दिवशी आठवलंसुद्धा नाही. यवतेश्वर, अकरा किलोमीटर, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. संध्याकाळी बघते तर त्याच्या खाली तुझा अंगठा. शाबास म्हणून दाबतात तो. तुझ्याकडून मला आलेलं ते शेवटचं. तू चिडून चार शिव्या दिल्या असत्यास तर मी तुझ्या पायावर लोळण घेतली असती. त्या अंगठ्यापुढं मला काही सुचलं नाही. आणि न सुचल्याचं निमित्त करून मी त्या संध्याकाळी गप्प बसले, ही त्याहून मोठी चूक.

त्या डिसेंबरात मी पन्नासला उभी राहिले. एवढं सगळं करून, एवढं सगळं गमावून, चव्वेचाळिसाव्या किलोमीटरला वेळ संपली म्हणून मला बाहेर काढलं. उदय न्यायला आला होता. तो म्हणाला की पुढच्या वर्षी परत ये, पण अशी येऊ नको. मी विचारलं अशी म्हणजे कशी. त्यानं गाडीला किक मारली.

तर पुढचं वर्ष आलंय, आणि मी परत उभी राहणार आहे. हे मी तुला स्पष्ट सांगते, कारण तुझ्यासाठी पळणं सोडलं असं लिहून पाठवलं तर ते खोटं ठरेल आणि तुझ्या डोक्यावर उगाच ओझं होईल. मला पळायला आवडतं. पहाटे चार वाजता रस्त्यावर फक्त माझ्या पायांचा आवाज असतो तेव्हा मी कुणाची सून नसते, कंडक्टर नसते, आणि ते मला हवंय. पन्नास मी आठ तासांत संपवणार म्हणजे संपवणार. फक्त भिंतीवरचा कागद मी फाडलाय. आता पळणं ड्युटी, घर आणि माणसं यांच्यातून जेवढं उरेल तेवढं. सुपारी असली तर सुपारीला जाते, जेवते, आणि दुसऱ्या दिवशी जड पोटानं पळते. प्रांजलच्या बाळाला सात महिन्यांनी का होईना बघून आले, तिनं तोंडावर ऐकवलं, ऐकून घेतलं. वेग थोडा कमी झाला. चढ मात्र पहिल्यापेक्षा चांगला जातो, का ते मला माहीत नाही.

आता या पत्राचं खरं कारण. आयेशा परवा माझ्या गाडीत चढली. तिच्या मांडीवर अम्मींनी शिवलेली दुपटी होती, चार. कुणासाठी गं, असं मी सहज विचारलं आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. मग पलूस येईपर्यंत सगळं सांगितलं. तुला चौथा महिना लागलाय, पिशवीच्या तोंडाला टाका घातलाय, डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायचं नाही असं बजावलंय, आणि दानिशभाई सोमवार ते शनिवार पुण्याला असतात. या वेळी तू पहिलं मला सांगितलं नाहीस. बरोबरच केलंस. त्याच दिवशी घरी येऊन मी पन्नासचा फॉर्म भरायला बसले. त्यात शेवटी एक रकाना असतो, तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं. पहिल्या शर्यतीपासून मी तिथं तुझा नंबर लिहीत आलेय, गेल्या वर्षीसुद्धा सवयीनं तोच लिहिला होता. या वेळी हात चालेना. उदय म्हणाला माझा लिही, तो लिहिला. पण डोक्यात एकच घोळत राहिलं, की असाच रकाना तुझ्या दवाखान्याच्या फाइलीवरही असेल. तिथं दानिशभाईंचा नंबर असेल आणि ते पुण्यात असतील. त्याच्या खाली आणखी एक नंबर लिही, माझा. कुंडलहून मला यायला अडीच तास लागतात, शेजारच्या बायका माझ्या आधी पोचतील, हे कळतंय मला. तरी लिही. साप्ताहिक सुट्टी मी कालच रविवारची बदलून बुधवारची करून घेतलीय, डेपोतल्या कृष्णातनं अदलाबदल करून दिली. तू दार उघडलंस तर दर बुधवारी तुझ्या उशाशी बसेन, बोलायचं नसेल तर भाजी निवडत बसेन. पन्नासच्या रविवारी रजा टाकलीय, तेव्हा तर मी आठ तास तुझ्याच गावात आहे. फोन चालू असेल आणि कमरेच्या पट्ट्यात असेल. तो वाजला तर एकोणपन्नासाव्या किलोमीटरवरून वळेन, आणि ती शर्यत मग त्याच्या पुढच्या वर्षी संपवेन. माफी मी आज मागत नाही, ती नंतर सवडीनं दे, किंवा देऊही नको. नंबर आधी लिही.

तुझीच,
क्रांती